कंप्रेसर घ्यावा की न घ्यावा?

कंप्रेसर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी फ्रिज उभा राहतो, नाहीतर पंक्चरवाल्याच्या दुकानातली ती धडधडणारी टाकी. त्यामुळे 'मंडळाच्या वाद्यवृंदासाठी एक कंप्रेसर घ्यावा' अशी आमची मागणी कार्यकारिणीपुढे गेली तेव्हा खजिनदारांनी अगदी निरागसपणे विचारलं, "कुणाचा फ्रिज बिघडलाय?" मग आम्ही खुलासा केला की हा कंप्रेसर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारला जोडायची, पायाने दाबायची, तळहातावर मावेल एवढी पत्र्याची डबी. नवी घेतली तर शंभर डॉलरच्या आसपास मिळू शकते, पुढे हौसेला मोल नाही. त्यावर दुसरा प्रश्न आला, "पण ती करते काय?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. कार्यकारिणीला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर मांडतो आहोत, कारण अशीच पंचाईत इतर गावच्या मंडळांतही होत असणार.

आम्ही म्हणजे रविवारी दुपारी ईडन प्रेरीतल्या एका बेसमेंटमध्ये जमणारी सहा माणसं. तबला, हार्मोनियम, कीबोर्ड, गिटार आणि दोन गाणारे. गणेशोत्सव, दिवाळी आणि पाडवा या तीन कार्यक्रमांना आम्ही वाजवतो. आमच्यातले तिघे इंजिनियर आहेत, त्यामुळे कुठलाही निर्णय सरळ होत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

परवापरवापर्यंत आमच्यात सातवा माणूस होता. तो व्हायोलिन वाजवायचा. गेल्या वर्षी त्याची नोकरी डॅलसला गेली, पाठोपाठ तोही गेला. अमेरिकेतल्या मराठी वाद्यवृंदांचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात रागदारीपेक्षा नोकरीच्या बदल्यांवरच मोठं प्रकरण लिहावं लागेल. व्हायोलिन गेलं आणि आमच्या भावगीतांचा कणाच गेला. श्रीनिवास खळ्यांची किंवा हृदयनाथ मंगेशकरांची चाल घ्या. दोन ओळींच्या मध्ये, अंतऱ्याच्या आधी, एखादा लांब स्वर येतो, तो हळूच पुढच्या स्वरावर घसरतो आणि गाणाऱ्याच्या हातात गाणं ठेवून बाजूला होतो. ते काम व्हायोलिनचं, बासरीचं नाहीतर सारंगीचं. आमच्याकडे उरली गिटार.

गिटार वाजवतो तो आमच्यातला सगळ्यात लहान. सतरा वर्षांचा, इथेच जन्मलेला, हायस्कूलच्या जॅझ बँडमध्ये वाजवणारा, आणि आम्हा सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. पुढच्या वर्षी तो कॉलेजला जाईल. आत्तापर्यंत त्याला आम्ही मागे बसून कॉर्ड धरण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. व्हायोलिनचे तुकडे आता त्याच्याकडे आले. त्याने ते आठवडाभरात बसवले, स्वर अचूक, मींडसुद्धा सुरेख. अडचण एकच होती: स्वर टिकत नव्हता.

गिटारचा स्वर का विझतो

यात त्या पोराचा दोष नाही. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतोय तोवर तिला ऊर्जा मिळत राहते. बासरीत फुंक आहे तोवर स्वर आहे. गिटारची तार एकदाच छेडली जाते. तेवढ्या एका धक्क्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य. पहिल्या क्षणी मोठा ठणका, मग उतार. संथ लयीत, मिनिटाला साठ मात्रा धरल्या तर चार मात्रांचा स्वर म्हणजे पूर्ण चार सेकंद. स्वच्छ, न फाटलेल्या आवाजात गिटारचा सूर दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेलाच मलूल होतो, आणि मींड तर शेवटच्या मात्रेला घ्यायची असते. म्हणजे नेमकं घसरायच्या वेळी पायाखाली काही उरत नाही.

गिटारवर मींड घेणं आपल्याला नवं नाही. मांडीवर आडवी ठेवलेली हवाईयन गिटार आपल्याकडे व्हॅन शिपले यांनी सिनेमाची गाणी वाजवून घरोघरी नेली. पंडित ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर ख्यालाच्या अंगाने राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची जी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड निघाली, ती आमच्यापैकी तिघांच्या घरी होती. विश्वमोहन भट्टांना राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रणासाठी १९९४ साली ग्रॅमी मिळालं. पण भट्टांच्या मोहनवीणेला तरफेच्या तारा आहेत, त्या मूळ स्वराला मागून टेकू देतात. आमच्या चिरंजीवांकडे शाळेतल्या बँडसाठी घेतलेली सहा तारांची साधी गिटार. तिला टेकू बाहेरूनच द्यायला हवा. तो टेकू म्हणजे कंप्रेसर, असं इंटरनेटपासून गिटारच्या दुकानातल्या विक्रेत्यापर्यंत सगळ्यांनी आम्हाला सांगितलं.

डबीच्या आत कोण बसलंय

अशी कल्पना करा की रेडिओच्या आवाजाच्या बटणावर हात ठेवून एक दक्ष गृहस्थ बसले आहेत. आवाज एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की ते बटण मागे फिरवतात, आवाज उतरला की पुन्हा पुढे. हे काम ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागात करतात आणि कधी कंटाळत नाहीत. कंप्रेसर म्हणजे हे गृहस्थ. मागे किती फिरवायचं याचं प्रमाण ठरलेलं असतं. चारास एक प्रमाण असेल तर उंबरठ्यावर आलेले चार डेसिबल बाहेर पडताना एकच डेसिबल होतात. मग सगळ्याच आवाजाला सरसकट थोडी उचल दिली जाते. परिणाम असा की छेडल्याचा पहिला ठणका दबतो आणि मागची विझत जाणारी शेपटी वर येते. तार पूर्वीइतकीच टिकते, आपल्या कानाला मात्र ती जास्त वेळ ऐकू येते.

हे यंत्र आपल्या घरात आधीपासून होतंच. १९२०च्या दशकात हॅरोल्ड व्हीलर या अमेरिकन इंजिनियरने रेडिओसाठी आवाजाचं आपोआप नियंत्रण करणारी जोडणी शोधली, आणि पुढे ती जवळजवळ प्रत्येक रेडिओत आली. आपल्या वडिलांची पिढी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकायची. स्टेशन क्षीण झालं तरी गाणं बऱ्यापैकी एका पातळीवर राहायचं, ते या जोडणीमुळे. आणि स्टेशन पुरतं बुडालं की गाण्याच्या जागी एकदम जोराची खरखर यायची, ती सुद्धा हिच्यामुळेच! सिग्नल नाही म्हणून रेडिओ बिचारा बटण पूर्ण पुढे फिरवून शोधत बसायचा आणि त्याला सापडायची ती फक्त खरखर. ही खरखर वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

स्टुडिओत हे यंत्र आलं ते अगडबंब स्वरूपात. १९५०च्या दशकाच्या अखेरीचा फेअरचाइल्ड ६७० हा कंप्रेसर वीस व्हॅक्यूम ट्यूब बाळगून होता आणि त्याचं वजन तीस किलोच्या घरात. गिटारवाल्याच्या पायाखाली तो आला १९७०च्या दशकात, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीच्या लाल रंगाच्या डायना कॉम्पमधून. ट्यूबांची जागा एका नखाएवढ्या आयसीने घेतली. या डबीवर दोनच बटणं, एक किती दाबायचं त्याचं आणि दुसरं बाहेर किती सोडायचं त्याचं. जपानच्या बॉस कंपनीचा सीएस-३ आला १९८६ साली, त्यावर चार बटणं. या दोन्ही डब्या आम्हाला ऑफिसातल्या एका गिटारवेड्या सहकाऱ्याने महिनाभर वापरायला दिल्या. पेडल विकत घेण्याआधी उसनं आणावं, हा आमचा पहिला सल्ला. आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात असा एकजण असतोच.

तालमीतला प्रयोग

डबी जोडली आणि पहिल्याच दिवशी सगळे खूष. "वा! काय भरलाय आवाज!" पण तीन इंजिनियर असल्याचा एक फायदा असा की आनंदावर लगेच शंका काढली जाते. खटका दाबल्यावर आवाज नुसता लांबत नव्हता, मोठाही होत होता. आणि मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमी चांगलाच वाटतो. स्टिरिओ विकणाऱ्यांचा तो जुना धंदा आहे. म्हणून आम्ही बाहेर सोडायचं बटण मागे आणून खटका चालू-बंद दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा येईल असं जुळवलं. मग ऐकणाऱ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, एकाला खटक्यावर बसवलं आणि तेच तुकडे पुन्हा वाजवायला लावले. कुठला चालू, कुठला बंद, ते कागदावर लिहायचं आणि कुठला आवडला तेही.

आवाज सारखा केल्यावर पहिल्या दिवशीची निम्मी जादू गेली. कॉर्डच्या साथीत फारसा कुणाला फरक सांगता येईना. फाटका, गुरगुरणारा ओव्हरड्राइव्हचा आवाज लावला तर जवळजवळ काहीच फरक नाही, आणि त्याला कारण आहे. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाजाची शिखरं कापून त्याला सपाट करतो. त्याच्या पुढ्यात कंप्रेसर ठेवणं म्हणजे इस्त्रीच्या कपड्याला पुन्हा इस्त्री. पण लांब स्वरांचे ते व्हायोलिनचे तुकडे? तिथे प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, 'चालू'ला मत दिलं. चौथ्या मात्रेला मींड ऐकू येत होती. आमच्या हार्मोनियमवाल्या भाऊंनी पेटी मिटून घेतली आणि म्हणाले, "आता गाणं पोचलं."

म्हणजे घ्यायचाच, असं ठरत आलं होतं. इथे दोन गोष्टी आड आल्या.

पहिली ती खरखर. कंप्रेसरमधल्या त्या दक्ष गृहस्थांना संगीत आणि गोंगाट यातला फरक कळत नाही. गिटार थांबली की ते बटण पुढे फिरवतात आणि गिटारच्या पिकअपने गोळा केलेली विजेची घूं वर आणतात. भारतात ही घूं पन्नास हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. अमेरिकेत साठ हर्ट्झची, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. आमच्या काकू गातात काळी पाचमध्ये. त्यांच्या षड्जाला अर्धा सूर सुद्धा नाही, अर्ध्याच्या अर्ध्याने चढा असा एक बेसूर तंबोरा मागे अखंड वाजतोय असं समजा! दोन वेळा त्यांनी गाणं थांबवून विचारलं, "कोण गुणगुणतंय रे?" बेसमेंटमधल्या ट्यूबलाइट बंद केल्या, दिव्याचा डिमर काढला, गिटार ॲम्प्लिफायरपासून चार पावलं लांब नेऊन जरा वळवून धरली, तेव्हा ती घूं सुसह्य झाली. हॉलमध्ये दिवे आपल्या हातात नसतात, हे ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती, आणि ती आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. त्या सतरा वर्षांच्या मुलाने सांगितली. काकू या मंडळात सुरुवातीपासून गातात. आता वय सत्तरीच्या पुढे, दम कमी झालाय, आवाज पातळ झालाय. मात्र शब्द कसा ठेवायचा ते आजही त्यांच्याकडूनच शिकावं. त्या गात असताना हा मुलगा तारांवर नुसती बोटं टेकवावीत इतकं हळू वाजवतो. आम्हाला वाटायचं, लाजतोय. तो म्हणाला, "काका, मी मुद्दाम हळू वाजवतो. काकूंचा शब्द ऐकू यावा म्हणून. आणि हा डबा मला ओरडायला लावतो."

अगदी खरं होतं ते. कंप्रेसरला 'मुद्दाम' कळत नाही. वादकाने विचार करून हळू केलेला आवाज आणि आपोआप विझलेला आवाज त्याला सारखेच. दोन्ही तो वर उचलतो. मोठं आणि हळू यातलं अंतर कमी करणं हेच त्याचं काम, आणि साथसंगत म्हणजे तर नेमकं ते अंतर. तबलजी गाण्याच्या शब्दावर हात हलका करतो, पेटीवाला भाता सैल सोडतो, त्याला आपण 'समज' म्हणतो. ती समज या पोराला आली होती आणि तीच आम्ही शंभर डॉलर देऊन सपाट करायला निघालो होतो.

बाकीचे पर्याय

आम्ही इतर उपायही पाहिले. कीबोर्डवर व्हायोलिनचा आवाज लावता येतो. पण आमच्या कीबोर्डवाल्या वहिनींचे दोन्ही हात आधीच गुंतलेले, शिवाय मग गिटारवाल्याला पुन्हा मागे बसायचं. ई-बो नावाचं एक बॅटरीवर चालणारं हातातलं उपकरण १९७०च्या दशकापासून मिळतं. ते चुंबकीय क्षेत्राने तारेला सतत हलवत ठेवतं, म्हणजे खरोखर गजासारखं काम करतं आणि स्वर हवा तितका टिकतो. पण ते एका वेळी एकाच तारेवर चालतं, छेडणारा हात अडकतो आणि कॉर्डकडून तुकड्याकडे येताना ते उचलायला-ठेवायला वेळ लागतो. प्रतिध्वनीचं पेडल लावलं तर स्वर संपल्याची पोकळी भरते, मींड मात्र आपल्याच सावल्यांवर सांडते. आणि फुकटातला उपाय: बोटाने तारेला आंदोलन देत राहणं आणि गिटारवरचं आवाजाचं बटण छेडताना कमी ठेवून करंगळीने हळूहळू वाढवणं. हा उपाय त्याने तालमीत बसवला आणि निम्म्या जागी तोच पुरतो असं दिसलं. करंगळी हा सगळ्यात जुना कंप्रेसर आहे, आणि तिला 'मुद्दाम' कळतं.

महागड्या पेडलच्या मोहातही आम्ही पडलो होतो, ते लपवत नाही. आपल्या मिनीॲपोलिसमध्येच झीवेक्ससारखी कंपनी १९९५ पासून हाताने रंगवलेली पेडल्स बनवते. ती पाहिली की इंजिनियरचं मन चळतं. पण ईडन प्रेरीला लागूनच असलेल्या चॅन्हॅसनमध्ये, हायवे ५ वर, पेझली पार्क उभा आहे. प्रिन्सने १९८७ मध्ये उघडलेला हा स्टुडिओ २०१६ साली तो गेल्यावर म्युझियम झाला. त्या प्रिन्सच्या पायाखाली वर्षानुवर्षं बॉस कंपनीची साधी, कुठल्याही दुकानात मिळणारी पेडल्स असत. त्याला चालतं ते भावगीताला चालायला हरकत नसावी.

निर्णय

आम्ही जमाखर्च मांडला. कार्यक्रमातल्या नऊ गाण्यांपैकी चार गाण्यांत लांब स्वराचे तुकडे. त्यातले दोन करंगळीने भागतात. उरली दोन गाणी, आणि त्या दोन्हींत कंप्रेसरशिवाय चालत नाही. दोन गाण्यांसाठी मंडळाचे पैसे घालावेत का? त्याच पैशांत तबल्याची पुडी बदलता येते, एखादा बरा माइक येतो. आमच्यात यावर दोन रविवार वाद झाला, चहा तीनदा झाला.

शेवटी असं ठरलं. पेडल घ्यायचं, पण वापरलेलं, निम्म्या-पाऊण किमतीत. ज्याच्यावर मूळ आवाज आणि दाबलेला आवाज यांचं मिश्रण करायचं बटण आहे असंच घ्यायचं, म्हणजे बोटाचा पहिला स्पर्श शिल्लक राहतो. बॅटरीऐवजी स्वतंत्र स्वच्छ अडॅप्टर वापरायचा. ते मंडळाच्या मालकीचं राहील. हा मुलगा कॉलेजला गेला की पुढच्या मुलीच्या नाहीतर मुलाच्या हाती जाईल. आणि एक नियम, जो आम्ही डबीवर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिला आहे: 'कुणी गात असताना बंद'. तुकडा आला की खटका दाबायचा, गाणाऱ्याने श्वास घेतला की सोडायचा. हा नियम त्या मुलानेच सुचवला. पाय कधी उचलायचा तेही काकूंच्या श्वासावरून तोच ठरवतो.

ज्यांच्या मंडळात असा प्रश्न येईल त्यांना आमचं सांगणं थोडक्यात असं. गिटारवाल्याला आधी विचारा की नेमकं काय कमी पडतंय. 'आवाज भरत नाही' हे उत्तर पुरेसं नाही. 'या गाण्यात, या ओळीनंतर, चौथ्या मात्रेला स्वर उरत नाही' असं उत्तर आलं तरच पाकीट काढा. हात असमान पडतो म्हणून कंप्रेसर घेऊ नका. तो असमानपणा झाकेल आणि हात तिथेच राहील. उसना आणून, आवाजाची पातळी सारखी करून, पाठ फिरवून ऐका. आणि ज्यांच्यासाठी साथ करायची, त्यांना समोर बसवून ऐका.

पेडल आलं आहे, पावती खजिनदारांकडे दिली आहे, फ्रिज कुणाचाच बिघडलेला नाही. कुणाला ऐकायचं असेल तर रविवारी दुपारी तालमीला जरूर यावं, चहा मिळेल. आणि एवढं सगळं झाल्यावरही, ट्विन सिटीजमध्ये नव्याने आलेलं कुणी व्हायोलिन वाजवत असेल, तर त्यांनी कृपया मंडळाशी ताबडतोब संपर्क साधावा. पेडलची जागा आम्ही लगेच मोकळी करून देऊ. गिटारवाल्याची मात्र देणार नाही.